मध्य एकच असावा : लहान जाळ्यातील हब आणि स्विचची जोडणी

(नागरा, जि. गोंदिया येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दोन हब एका केबलने जोडले की ते दोन राहत नाहीत. विजेच्या संकेतांपुरता त्यांचा एकच मोठा हब होतो. एका पोर्टवर आलेला संकेत हब बाकीच्या सगळ्या पोर्टांवर जसाच्या तसा पाठवतो, आणि त्यांपैकी एका पोर्टला दुसरा हब लावलेला असला तर तोही पुढे तेच करतो. दोन स्विच जोडले तर मात्र ते दोनच राहतात. स्विच आलेली फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, वाचतो, ती कोणाकडून आली आणि कोणाकडे जायची आहे ते पाहतो, आणि नेमक्या त्याच पोर्टवर सोडतो. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात, दिवेही सारखेच लुकलुकतात, म्हणून जोडणीचे नियमही एकच असावेत असा समज होतो. नियम वेगळे आहेत. तरीही दोघांना लागू पडणारी एक गोष्ट आहे आणि या व्याख्यानाचा सगळा भर तिच्यावर आहे : लहान जाळ्यात कोणत्याही दोन संगणकांच्या मध्ये तीनपेक्षा जास्त पेट्या येऊ नयेत.

आयपी पत्ता म्हणजे काय, सर्व्हर कशाला म्हणतात, राउटरचे काम कोणते, हे एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलेल्यांना ठाऊक आहे. ते येथे गृहीत धरले आहे. लहान जाळे म्हणजे ग्रामपंचायत कार्यालय आणि त्याला लागून असलेले सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली, पतसंस्था, नाहीतर गोंदियाच्या आसपासची एखादी राइस मिल. अशा ठिकाणी एका पेटीचे पोर्ट पुरत नाहीत, दुसरी आणावी लागते, आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

हबच्या काळात मधल्या पेट्या मोजणे सक्तीचे होते. पीळ घातलेल्या तारांवरचे दहा मेगाबिटचे इथरनेट १९९० मध्ये प्रमाणित झाले. त्यात सगळे संगणक एकाच वाटेवर बोलत. दोघे एकदम बोलले की टक्कर होई आणि दोघांनाही पुन्हा पाठवावे लागे. पण टक्कर झाली हे पाठवणाऱ्याला त्याची फ्रेम संपण्याआधी कळले पाहिजे. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटची. दहा मेगाबिटच्या वेगाने ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ एवढ्यात बसायला हवा. केबलची लांबी त्यातला काही वेळ खाते आणि प्रत्येक हब आणखी थोडा खातो. म्हणून दोन संगणकांमध्ये जास्तीत जास्त चार हब, असा नियम ठरला. १९९५ मध्ये शंभर मेगाबिटचे इथरनेट आले तेव्हा वेग दहापट झाला, तर हाती असलेला वेळ दहावा हिस्सा उरला : ५.१२ मायक्रोसेकंद. नियम एकदम कडक झाला. दोनच हब, तेही ठराविक वर्गाचे, आणि त्या दोघांमधली केबल पाच मीटरची.

नियम मोडला तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. काहीही बंद पडत नाही. दिवे हिरवेच राहतात. टक्कर उशिरा होते, पाठवणाऱ्याला ती कळत नाही, फ्रेम हरवते, काही क्षणांनी वरच्या पातळीवरचे सॉफ्टवेअर ती पुन्हा मागते. वापरणाऱ्याला एवढेच दिसते की आज नेट हळू आहे. दोष इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माथी जातो आणि भिंतीवरची पाचवी पेटी निर्दोष सुटते. (हशा.)

स्विचने टकरीचा प्रश्न मिटवला. कॅलिफोर्नियातील कल्पना या कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीला नाव त्यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये ती सिस्कोने विकत घेतली. स्विचमध्ये प्रत्येक पोर्ट म्हणजे स्वतंत्र वाट असते, आणि दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलता येते. कोणत्या पोर्टमागे कोणता संगणक आहे याचा तक्ता स्विच स्वतः तयार करतो : फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि पोर्ट लिहून ठेवतो, आणि तो संगणक साधारणपणे ३०० सेकंद गप्प राहिला की नोंद पुसतो. ज्याचा पत्ता तक्त्यात नाही त्याच्यासाठीची फ्रेम मात्र हबसारखीच सगळ्या पोर्टांवर जाते. सगळ्यांसाठी असलेली हाकही तशीच जाते. हे विसरू नये. पुढचे मोठे संकट याच वाटेने येते.

टकरी गेल्या, मग पेट्या मोजण्याचा जुना नियमही गेला, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. स्विचमागे स्विच, त्यामागे आणखी एक, अशी कितीही लांब साखळी का करू नये? ५१.२ मायक्रोसेकंदांचा हिशोब स्विचला लागू नाही, एवढ्यापुरता आक्षेप बरोबर आहे. पण साखळीचा त्रास तेवढाच नव्हता.

एक राइस मिल घ्यावी. पहिला स्विच कार्यालयात बसतो. मग फाटकाजवळच्या धरमकाट्यावर संगणक येतो, त्याच्यासाठी तिथे आठ पोर्टांची पेटी लागते. पुढच्या हंगामात गोदामावर कॅमेरे लागतात. कार्यालयापेक्षा काटा जवळ, म्हणून गोदामाचा स्विच काट्याच्या स्विचला जोडला जातो. दुसरे गोदाम बांधले की त्याचा स्विच पहिल्या गोदामाच्या स्विचला. जाळी अशीच वाढतात, जिथे गरज पडली तिथून, जवळच्या पेटीला. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा एनव्हीआर मात्र कार्यालयातच असतो. दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला सुमारे चार एमबीपीएस धरले तर दुसऱ्या गोदामाचे आठ कॅमेरे बत्तीस घेतात, पहिल्या गोदामाचे आठ त्यांना मिळतात आणि चौसष्टचा ओघ काट्याच्या स्विचमधून कार्यालयाकडे निघतो. ती केबल शंभर एमबीपीएसची. त्याच केबलवरून काट्याच्या वजनाची पावती जायची आहे. कोणी काट्यावर बसून फाटकाचे जुने चित्रण उतरवू लागले, काट्यावरचा संगणक अद्ययावत होऊ लागला, की धानाचा ट्रक काट्यावर उभा आणि पडद्यावर चक्र फिरते आहे, हे दृश्य ठरलेले. दिवाळीनंतर आधारभूत खरेदी सुरू झाली की अशी मिनिटे महाग पडतात. त्यातच पहिल्या गोदामाची वीज गेली तर दुसरे गोदामही आंधळे होते, तिथे वीज असूनसुद्धा.

धान पिकवणाऱ्या भागात हा अनुभव नवा नाही. तलावाचे पाणी बांधीतून बांधीत उतरते तेव्हा शेवटच्या बांधीचा धनी वरच्या प्रत्येकाच्या सोयीवर अवलंबून असतो. पाटातून प्रत्येकाला वेगळी वाट मिळाली तर हे अवलंबित्व संपते. जाळ्यात अशी वाट देणे पाट खोदण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

ती अशी द्यावी. एक स्विच मध्यवर्ती ठरवावा, जमल्यास गिगाबिटचा, आणि बाकीचे सगळे स्विच थेट त्यालाच जोडावेत. सर्व्हर, एनव्हीआर आणि राउटरही याच मधल्या स्विचला लावावेत. आता कोणत्याही दोन संगणकांमध्ये जास्तीत जास्त तीन पेट्या येतात : आपला स्विच, मधला स्विच, समोरच्याचा स्विच. पेट्या चार असोत की दहा, हा आकडा बदलत नाही. साखळीत दहा पेट्यांची दोन टोके बोलू लागली तर मध्ये दहाही येतात.

या रचनेत पोर्ट वाया जातात, असे सांगितले जाते. हिशोब करून पाहावा. आठ पोर्टांचे चार स्विच म्हणजे बत्तीस पोर्ट. साखळीत त्यांना जोडायला तीन केबल लागतात, त्यांची सहा टोके सहा पोर्ट अडवतात, सव्वीस उरतात. मध्यवर्ती रचनेतही केबल तीनच, टोके सहाच, उरलेले पोर्ट सव्वीसच. पेट्या कशाही जोडल्या तरी सगळ्यांना एकत्र आणायला एकूण पेट्यांपेक्षा एक कमी एवढीच केबल लागते. साखळी पोर्ट वाचवत नाही. ती वाचवते फक्त तारेची लांबी, आणि तार ही जाळ्यातल्या स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मधला स्विच गेला तर सगळेच गेले. खरे आहे. पण साखळीत मधली कोणतीही पेटी गेली तरी जाळ्याचे दोन तुकडे होतात, आणि कोणती गेली हे शोधायला शिडी घेऊन सगळीकडे फिरावे लागते. मध्यवर्ती रचनेत जीव एकाच पेटीत असतो, म्हणून जपायचीही एकच पेटी. तिला यूपीएस द्यावा, भुशापासून आणि उन्हापासून दूर बंद रॅकमध्ये ठेवावे, आणि तशीच एक जादा पेटी कपाटात ठेवावी.

आता ते मोठे संकट. दोन स्विचमध्ये चुकून दुसरी केबल लागली, किंवा एका केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली, तर वर्तुळ तयार होते. हे मुद्दाम कोणी करत नाही. खोली झाडताना सुटलेले टोक कोणाला तरी दिसते, आणि भल्या हेतूने ते समोरच्या रिकाम्या पोर्टात जाते. मग एखादा संगणक सगळ्यांना उद्देशून एक हाक देतो, जशी तो दिवसभर देतच असतो. स्विच ती प्रत्येक पोर्टवर सोडतो, ती वर्तुळातून फिरून परत येते, स्विच पुन्हा सोडतो. आयपी पाकिटावर आयुष्याचा एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर एकाने घटतो आणि शून्यावर पाकीट मरते. इथरनेट फ्रेमवर असा आकडाच नाही. ती मरत नाही. काही क्षणांत वाटा त्याच हाकेच्या प्रतींनी भरून जातात, आणि सगळ्या पेट्यांचे सगळे दिवे एकाच लयीत, अखंड लुकलुकू लागतात. ती लय एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. उपाय म्हणजे मधल्या स्विचवरून बाकीच्या स्विचकडे जाणाऱ्या केबल एकेक करून काढाव्यात. ज्या केबलबरोबर लय थांबते, वर्तुळ तिच्याच पलीकडे आहे. आणि सगळ्या काढूनही थांबली नाही तर ते मधल्या पेटीतच आहे.

यावरचा शास्त्रशुद्ध तोडगा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये दिला. स्पॅनिंग ट्री या त्यांच्या पद्धतीत स्विच आपसांत निरोप देऊन एकाला मूळ मानतात, त्याच्यापर्यंतची जवळची वाट चालू ठेवतात आणि जास्तीच्या वाटा झोपवतात. चालू वाट तुटली की झोपलेली जागी होते. १९९० मध्ये ती प्रमाण झाली, २००१ मध्ये तिची वेगवान आवृत्ती आली. पण या पद्धतीच्या ठरलेल्या वेळा एक गोष्ट गृहीत धरतात : जाळ्याच्या दोन टोकांत सातपेक्षा जास्त स्विच नाहीत. पेट्या मोजण्याचा नियम हबबरोबर गेला असे मानणाऱ्यांनी हा सात लक्षात ठेवावा.

तो न मोजल्याची किंमत बॉस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकॉनेस या रुग्णालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये मोजली, आणि ही हकिकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत संगणकाच्या वापरात पुढे मानले जाणारे ते रुग्णालय. रक्ताच्या तपासण्या, औषधांचे आदेश, क्ष-किरणांची चित्रे सगळे जाळ्यावर. पण जाळे वर्षानुवर्षे गरजेप्रमाणे वाढत गेले होते. स्विचमागे स्विच लागत गेले आणि काही वाटा सातच्या पुढे गेल्या. १३ नोव्हेंबरला एका संशोधन-कामाच्या माहितीचा मोठा ओघ जाळ्यात आला. स्पॅनिंग ट्रीचे निरोप लांबच्या टोकांना वेळेवर पोहोचेनात, झोपलेल्या वाटा जाग्या होऊ लागल्या, वर्तुळे तयार झाली. जाळे उभे राही आणि पुन्हा कोसळे. शेवटी रुग्णालयाने कागदाकडे परतायचे ठरवले. प्रयोगशाळेचे अहवाल हातोहात वॉर्डांत नेले जाऊ लागले. ज्यांनी नोकरीत आल्यापासून कागदावर औषधाचा आदेश लिहिला नव्हता, अशा तरुण डॉक्टरांना जुन्या लोकांनी फॉर्म भरायला शिकवले. सिस्कोचे तज्ज्ञ आणि नवी यंत्रे आणावी लागली. जाळ्याचा नकाशा नव्याने काढला गेला, लांब साखळ्या तोडून मध्ये राउटर बसवले गेले. पूर्ववत व्हायला चारेक दिवस लागले. रुग्णालयाचे संगणकप्रमुख जॉन हलाम्का यांनी हे सारे उघडपणे सांगितले, म्हणून जगभरच्या तंत्रज्ञांना ते शिकता आले. ही त्यांची मोठी सेवा मानली पाहिजे. त्या चार दिवसांत कोणतेही यंत्र जळालेले नव्हते. प्रत्येक स्विच आपापल्या जागी ठीक होता. बिघडला होता तो आकार.

गावातल्या आठ पोर्टांच्या प्लास्टिकच्या पेटीत स्पॅनिंग ट्री बहुधा नसते. म्हणून तिथे वर्तुळ होऊच न देणे हाच उपाय, आणि त्याची तपासणी सोपी आहे : पेट्या मोजाव्यात, पेट्यांमधल्या केबल मोजाव्यात, केबल पेट्यांपेक्षा एकाने कमी हव्यात. बरोबरीच्या भरल्या तर कुठेतरी वर्तुळ आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायतींची फायबर जोडणी वर्तुळाकार आखली आहे, मग तिथे वर्तुळ कसे चालते, हा प्रश्न रास्त आहे. तिथे वळणांवर पाकिटाचे आयुष्य मोजणारी, वाट ठरवणारी यंत्रे असतात, आणि वर्तुळ मुद्दाम ठेवलेले असते : एका बाजूने तार तुटली तर दुसरीकडून वाट मिळावी म्हणून. ग्रामपंचायतीच्या भिंतीआतला साधा स्विच त्या जातीचा नाही.

या हकिकतीत बराच वेळ गेला. केबलचा भाग आता आटोपता घ्यावा लागेल.

जुन्या हबला हब जोडताना साधी केबल चालत नाही. संगणक १ आणि २ क्रमांकाच्या तारांवर बोलतो, ३ आणि ६ वर ऐकतो, हब उलट. दोन हब समोरासमोर आले की दोघेही एकाच जोडीवर बोलतात. त्यासाठी क्रॉस केबल लागते, किंवा हबवरचा अपलिंक पोर्ट. अपलिंक पोर्ट आणि त्याच्या शेजारचा पोर्ट पुष्कळदा आतून एकच असतात; एक वापरला तर दुसरा रिकामा ठेवावा. हल्लीचे स्विच तारांची जोडी आपोआप ओळखतात, तिथे कोणतीही केबल चालते.

तांब्याच्या केबलची मर्यादा एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत १०० मीटर. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त असते, पण लांब अंतरावर आणि कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज द्यायची असेल तेव्हा दगा देते. मोटारींच्या तारांना समांतर नेऊ नये, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी.

दोन इमारतींमध्ये मात्र तांबे नकोच. पूर्व विदर्भात मृगाआधीपासून विजांचा कडकडाट सुरू होतो. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या विजेच्या दाबात फरक पडतो, आणि तो फरक तांब्याच्या केबलवरून दोन्ही टोकांच्या पेट्यांत उतरतो. स्विच जळतो, कधी त्याला लावलेले संगणकही. काच वीज वाहत नाही. काटा, गोदाम आणि कार्यालय यांच्यात फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवले तर हा धोका टळतो आणि १०० मीटरची मर्यादाही उरत नाही. फायबरवर पोलादी चिलखत असेल तर ते मात्र अर्थ करून घ्यावे किंवा टोकाला कापून ठेवावे.

हाताशी असलेला जुना हब फेकायचाच नसेल तर तो टोकाला ठेवावा, मध्ये कधीही नाही. दोन-तीन संगणकांच्या सरावासाठी तो पुरतो. त्याला जोडलेल्या स्विचच्या पोर्टचा वेग आणि बोलण्याची पद्धत आपोआप ठरू द्यावी. पोर्ट दोन्ही दिशांना एकदम बोलण्यावर सक्तीने ठेवला तर हब तसे बोलू शकत नाही आणि फ्रेम हरवत राहतात.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा आणि मधल्या स्विचशेजारी जाळ्याचा नकाशा टांगावा : पेट्या, केबल, क्रमांक. बदल केला की नकाशावर त्याच दिवशी उतरवावा.

शेवटचा प्रकार घरातल्या जुन्या वाय-फाय राउटरचा. पोर्ट कमी पडले की तो स्विच म्हणून लावला जातो, आणि मग अर्ध्या संगणकांचे नेट जाते, कारण जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. तो जाळ्याला लावण्याआधी एकट्या संगणकाला जोडावा. प्रथम त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा, आणि पत्तेवाटपाच्या यादीतून तो आकडा मुख्य राउटरवर वगळावा. मग या राउटरवरचे डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप, बंद करावे. हा क्रम उलटा केला तर संगणकाला पत्ता मिळणे थांबते आणि राउटरच्या पानावर पुन्हा पोहोचायला संगणकाला हाताने पत्ता द्यावा लागतो. त्यानंतर मधल्या स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी आणि वॅनचा पोर्ट रिकामा सोडावा.